वाशिमचा लाकडी बैल : तान्ह्या पोळ्यामागचा इतिहास

१/
भाद्रपद शुद्ध प्रतिपदेची संध्याकाळ. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा यांपैकी कोणत्याही गावात जा. दोरीने ओढल्या जाणाऱ्या लाकडी बैलांची रांग दिसेल. आदल्या दिवशी, श्रावण अमावास्येला, याच रस्त्याने खऱ्या बैलांचा पोळा गेलेला असतो. आजचा मान वीत-दीड वीत उंचीच्या, चार चाकांच्या पाटावर उभ्या असलेल्या बैलाचा. याला विदर्भात तान्हा पोळा म्हणतात. ही रूढी सुरू केली कोणी, आणि हे बैल घडवले कोणी? आजचा धागा या दोन प्रश्नांवर.

२/
विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी ओळख. तान्हे म्हणजे लेकरू. तान्हा पोळा म्हणजे लेकरांचा पोळा. मुले आपापल्या लाकडी बैलाला झूल, बाशिंग, घुंगरमाळ चढवतात, वेसणीला रंगीत कासरा बांधतात आणि घरोघर नेतात. घरातली बाई खऱ्या बैलासारखेच त्या लाकडी बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवते. या ओवाळणीला बोजारा म्हणतात. काही गावांत सजावटीच्या स्पर्धा होतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे तर माणसाहून उंच नंदी चाकांवर ओढले जातात.

३/
तान्ह्या पोळ्याचा इतिहास विचारला की बहुधा एकच उत्तर मिळते : १८०६ साली नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी ही प्रथा सुरू केली, मुलांना बैलाची थोरवी कळावी म्हणून. दुसऱ्या रघुजींची कारकीर्द १७८८ ते १८१६, तेव्हा कालगणना जुळते. नागपूरकरांनी ही आठवण अभिमानाने जपली आहे. पण वाशिमच्या माणसाने हे उत्तर ऐकले की त्याने शेजारी एक नकाशा उघडावा.

४/
१८०३ साल. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबरला असईची आणि २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई झाली. दोन्हींत भोसल्यांची फौज पराभूत झाली. पुढे डिसेंबरात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क संपला व तो मुलूख निजामाकडे गेला. वाशिम या पश्चिमेकडच्या मुलखातच येते.

५/
म्हणजे १८०६ साली नागपूरच्या दरबारात लाकडी बैल पूजले गेले असतील, तेव्हा वाशिमवर नागपूरचा अंमल नव्हता. तरीही तान्हा पोळा इथे आहे आणि घरच्यासारखा आहे. याचा अर्थ सरळ आहे : ही प्रथा राजाज्ञेच्या वाटेने पसरलेली नाही. तहापूर्वी वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांची दुअंमली होती. सोयरिकी, बाजार, यात्रा दोन्हीकडून चालत. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी लेकी माहेरी येत राहिल्या आणि भाचरांसाठी बैल घडत राहिले. दरबाराने या सणाला थाट दिला असेल; बैल मात्र प्रत्येक गावात कुणीतरी तासावा लागला. शोध त्याचाच घ्यायचा आहे.

६/
आधी खेळण्यातल्या बैलाचे वय पाहू. १९७४ साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे एका स्थानिक शेतकऱ्याला जमीन खणताना चार धातूच्या मूर्ती सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आहे. जू आहे, दोन बैल आहेत आणि मागे उभा हाकणारा माणूस आहे. चौघांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक भरते, त्यामुळे हे मुलांचे खेळणे नव्हे. पण चाकांवरचा बैल ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुतेक जण त्या इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ठेवतात.

७/
पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कच्च्या मातीची एक शिरहीन स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत मातीचा बैल मिळाला. पुढे सातवाहनकाळात तेरसारख्या नगरांतून मातीची खेळणी विपुल सापडतात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाचे नावच मातीच्या खेळण्यातल्या गाडीवरून आले आहे : शेजारच्या मुलाची गाडी सोन्याची, चारुदत्ताच्या मुलाची मातीची, म्हणून तो रडतो. खेळण्यातून घराची ऐपत दिसते, हे त्या नाटककाराला ठाऊक होते.

८/
आता एक प्रश्न. धातूचा बैल सापडतो, मातीचा सापडतो, नाटकात सोन्याची गाडीसुद्धा येते. लाकडाचा बैल कुठे आहे? तो सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त, मग उत्खननात का नाही? उत्तर आपल्या पायाखाली आहे. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल आणि कोरडेपणाच्या या फेऱ्यांत लाकूड कुजते. उरलेले वाळवी संपवते. संग्रहालयातील कपाट पाहून ‘जुन्या काळी मातीची खेळणी होती’ असे आपण म्हणतो. अधिक नेमके वाक्य असे होईल : जुन्या काळची मातीची खेळणी टिकली.

९/
लाकूड जिथे टिकले, तिथे ते आपल्याला चकित करते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला आजही मूळच्या लाकडी कमानी आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या. दगडी छताला त्यांच्या आधाराची काहीच गरज नाही. मग त्या बसवल्या का? कारण बांधणारांच्या मनातील इमारत लाकडाचीच होती. दगड नवा होता, सवय लाकडाची होती. डोंगरात कोरलेल्या मंदिरालाही लाकडी फासळ्या लावल्याशिवाय ते त्यांना पुरे वाटले नाही.

१०/
हाच धागा वाशिमपर्यंत येतो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशिमला सापडलेल्या ताम्रपटामुळे या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती इतिहासात नीट उभा राहिला. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवले. त्या लेण्यात पुढच्या ओळीतल्या छताकडे पाहा : दगडात कोरलेल्या तुळया, दगडात कोरलेले वासे, आणि तुळयांची टोके खांद्यावर पेलणारे गोलमटोल गण. हे सारे लाकूडकामाचे दगडी अनुकरण आहे. वत्सगुल्मातील लाकडी वाडे मातीला मिळाले. अशा घरांची रचना कशी असेल, हे अजिंठ्याच्या दगडातून ताडता येते.

११/
आणि घडवणारे? त्यांच्यापैकी एकाचे नाव आपल्याला माहीत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक छोटा ब्राह्मी लेख आहे. त्यात धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामि याने लेण्याचे मुख म्हणजे प्रवेशद्वार केल्याची नोंद आहे. आपला व्यवसायही तो सांगतो : वढकि. संस्कृत वर्धकि, म्हणजे सुतार. राजे, सेठी आणि यवन दात्यांच्या नावांमध्ये हा एक सुतार स्वतःच्या, वडिलांच्या आणि गावाच्या नावासह उभा आहे.

१२/
वर्धकि या शब्दाचे पुढे काय झाले? प्राकृतात तो वड्ढइ झाला, हिंदीत बढई झाला. आणि मराठीत? विदर्भातल्या वाचकांनी उत्तर आधीच ओळखले असेल : वाढई. उर्वरित महाराष्ट्र ज्याला सुतार म्हणतो (तो शब्द सूत्रधारावरून आला), त्याला विदर्भात वाढई असेही म्हणतात. हे आडनावही आहे. सामिने दगडात कोरवलेला शब्द विदर्भाच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. लाकूड कुजले, शब्द राहिला.

१३/
गावगाड्यात वाढयाचे स्थान बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत. नांगर, वखर, तिफण, बंडी, दाराची चौकट, पाळणा, पाट, आणि शेवटी तिरडीचे बांबूही बऱ्याचदा तोच पाहायचा. मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने, वर्षातून ठरल्या वेळी. म्हणजे प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत नव्हती. नाते वर्षाचे होते. पोळ्याच्या आधी वाढयाच्या ओट्यावर मुले घुटमळत आणि तो उरलेल्या ठोकळ्यातून बैल काढून देई, हे या व्यवस्थेत अगदी सहज बसते. हिशेबाच्या वहीत असा बैल कधी चढत नाही. इतिहासातून तो निसटतो तो इथेच.

१४/
वाढयाचे खरे भांडवल म्हणजे झाडांची पारख. नांगराला आणि चाकाच्या तुंब्याला बाभूळ, कारण ती चिवट आणि धक्का सोसणारी. आखाला धावडा किंवा तिवस, कारण वाकूनही ते लवकर मोडत नाहीत. दार-चौकटीला सागवान, कारण ऊनपावसात ते फारसे हलत नाही. खेळण्याला मात्र हलके, मऊ, पटाशीला सहज वश होणारे लाकूड बरे. सावंतवाडीच्या कारागिरांनी त्यासाठी पांगारा निवडला. वाशिम परिसरातील बैल मात्र बहुधा त्या दिवशी ओट्यावर जो तुकडा उरला असेल त्याचाच होई.

१५/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामाला जोर आला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ दरम्यान अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला विलक्षण भाव आला. १८८६ साली कारंजा येथे भारतातील पहिली नियमनाखालील कापूस बाजारपेठ सुरू झाली. कारंजा ही आधीपासूनची श्रीमंत पेठ. १६७० साली मराठी फौजेने ती लुटली ती उगाच नव्हे. पण आता शेतातून बाजारापर्यंत कापूस न्यायचा तर हजारो बंड्या हव्यात, आणि बंडी म्हणजे वाढई.

१६/
बंडीचे चाक हे खेड्यातले सर्वांत अवघड यंत्र. मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वक्र पुठ्ठे, आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. लोहार धाव तापवतो. ती प्रसरण पावते. चाकावर चढवून पाणी ओतले की आकसते आणि सगळे सांधे घट्ट होतात. या चाकात खिळ्याला जवळजवळ काम नाही. हे ज्ञान ज्याच्या हातात होते, तोच संध्याकाळी मुलासाठी चार छोटी चाके करीत होता.

१७/
आता खेळण्याचे चाक पाहा, कारण इथेच आजच्या हौशी कारागिराची पहिली फसगत होते. जाड फांदी घ्यावी, काकडीसारख्या चकत्या कापाव्यात, झाली चाके, असे वाटते. महिनाभरात प्रत्येक चकतीला कडेपासून गाभ्यापर्यंत चीर पडते. कारण लाकूड वाळताना सगळीकडे सारखे आकसत नाही. वर्षवलयांच्या परिघाच्या दिशेने ते गाभ्याच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसते. चकतीला हा ताण सोसत नाही. म्हणून जाणता माणूस वाळलेल्या फळीतून चाक कापतो. गाडीचे मोठे चाक तुकड्यातुकड्यांनी जोडण्यामागे जी कारणे आहेत, त्यांत हेही एक.

१८/
बैलाचे अंगही असेच शिकवते. धडाचा ठोकळा असा घ्यायचा की लाकडाच्या रेषा डोक्यापासून शेपटीकडे जातील. मग पाय? ते त्याच ठोकळ्यातून काढले तर रेषा पायांना आडव्या येतात आणि पहिल्या धक्क्याला पाय मोडतो. म्हणून पाय वेगळ्या उभ्या तुकड्यांचे करून कुसू आणि खाचेने धडात बसवतात. शिंगांचे तसेच. वशिंड मात्र धडातूनच वर काढायचे. करवतीने दोन छेद, वाकसाने उतार, पटाशीने गोलाई, शेवटी कानस. हाताएवढ्या या वस्तूत नांगर आणि बंडी घडवणाऱ्याचे निम्मे शिक्षण सामावलेले आहे.

१९/
आणखी एक वळण समजून घ्यायला हवे : लाकूडकाम हौस केव्हा झाले? जोवर ते जातीचे काम होते, तोवर इतरांनी वाकस हातात घेणे कमीपणाचे मानले जाई, आणि वाढयाच्या मुलाला ते टाळण्याची मुभा नव्हती. ही भिंत मोडण्याचा एक मोठा प्रयत्न विदर्भातच झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, नंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. सूतकताई व शेतीबरोबर सुतारकामही त्यात होते. युरोपात त्याआधी साठेक वर्षे स्वीडनमधील ओटो सालोमोन यांनी ‘स्लॉइड’ या नावाने हेच सांगितले होते : मुलांनी लहान, उपयोगी लाकडी वस्तू घडवाव्यात, त्यातून हात आणि बुद्धी दोन्ही घडतात.

२०/
नयी तालीम फार टिकली नाही. तरीही आज एखादा शिक्षक, बँकेतला कर्मचारी किंवा महाविद्यालयात शिकणारी मुलगी सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून भाच्यासाठी बैल तासते, तेव्हा ती भिंत थोडी खाली आलेली असते. दुसरी भिंतही आहे. खऱ्या पोळ्यात तोरणाखाली मानाचा बैल पाटलाचा. ज्याच्या दावणीला बैल नाही, तो कडेला उभा राहून पाहणार. लाकडी बैलाला सातबारा लागत नाही. भूमिहीनाच्या मुलालाही वर्षातून एक दिवस बैलाचा धनी होता येते. मोठमोठे नंदी आणि रोख बक्षिसे आली की मात्र चारुदत्ताच्या मुलाचे रडणे पुन्हा ऐकू येते. आयोजकांनी हे लक्षात घ्यावे.

२१/
आता खऱ्या बैलाकडे. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. देशपातळीवर याच काळात नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. कारण उघड आहे : नांगरट, पेरणी, वाहतूक ट्रॅक्टरकडे गेली. बैल गेला तसा वखर गेला, बंडी गेली, आणि बंडी गेल्यावर वाढयाने फर्निचर किंवा शहर धरले. बाजारात आज तयार रंगवलेले बैल मिळतात, काही लाकडाचे, काही लाकडासारखे दिसणारे. तान्हा पोळा चालू आहे; पण ज्याची ती प्रतिकृती, तो बैल अनेक घरांतील मुलांनी जवळून पाहिलेला नाही.

२२/
म्हणून घरातला जुना लाकडी बैल ही आता ऐतिहासिक वस्तू आहे. वऱ्हाडच्या बैलाची ठेवण, शिंगांचा बाक, वशिंडाची उंची, बंडीचे सांधे यांची नोंद करणारे तेच साधन उरले आहे. मित्रहो, माळ्यावर असा बैल असेल तर चार गोष्टी करा. चारही बाजूंनी आणि खालून छायाचित्र घ्या. लाकूड कोणते, हे गावातल्या जाणत्याला विचारा. पाय कुसवाचे की खिळ्याचे, ते पाहून लिहा. आणि तो कोणी, कोणासाठी, साधारण कोणत्या साली केला, हे आजीला किंवा आजोबांना आजच विचारा. नवा रंग लावू नका. जुन्या रंगाखालीच हत्याराच्या खुणा असतात.

२३/
१८०६ चा दाखला नागपूरच्या दरबाराने जपला, कारण दरबाराला आठवण ठेवणारे लोक होते. वाशिमच्या वाढयाला ते नव्हते. त्याचे लाकूड मातीने घेतले आणि त्याचे नाव कोणी लिहिले नाही. यंदा घरी बैल करणार असाल, स्वतः किंवा एखाद्या कारागिराकडून, तर पाटाच्या खालच्या बाजूला पटाशीने तीन गोष्टी कोरा : घडवणाऱ्याचे नाव, गाव आणि साल. धेनुकाकटच्या सामिने आपले नाव आणि गाव दगडावर ठेवले, म्हणून आज आपण त्याच्याविषयी बोलू शकतो.

(धागा समाप्त. तुमच्या घरच्या बैलाची हकिगत खाली जरूर लिहा. गावाचे नाव विसरू नका.)